पाणी स्वच्छ, तरी मासे का मेले?

मार्च महिन्यातील एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी हातात एक वाडगा घेऊन दारात उभी राहिली. ती आठवीत शिकते. वाडग्यात पाणी होते आणि पाण्यावर एक मेलेला सोनेरी मासा तरंगत होता.

"काका, हा सहावा," ती म्हणाली. "मी दर रविवारी पेटी धुते. पाणी अगदी पिण्यासारखं स्वच्छ असतं. मग हे मरतात कशाने?"

घरात प्रत्येकाकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते. आजीच्या मते माशांना दृष्ट लागली होती. येणारा-जाणारा 'किती छान मासे' म्हणत होता ना! थोरल्या भावाच्या मते दुकानदाराने रोगट मासे गळ्यात मारले होते. वडील उन्हाळ्याला दोष देत होते. मुलीने मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. आपली स्वच्छता कमी पडते, असे तिला वाटत होते. "उरलेल्या दोघांसाठी आता मी रोजच्या रोज पेटी धुणार आहे," असे तिने मला सांगितले.

मित्रहो, मी भौतिकशास्त्र शिकवतो. मला माशांच्या रोगांचे विशेष ज्ञान नाही. परंतु एखादी घटना का घडली हे शोधण्याची पद्धत सर्व विज्ञानांत एकच असते. आधी नोंदी गोळा करावयाच्या, मग शक्य ती कारणे मांडावयाची आणि प्रत्येक कारण नोंदींशी ताडून पाहावयाचे. म्हणून मी तिला म्हणालो, "आज पेटीला हात लावू नकोस. एक वही आण आणि पहिल्या दिवसापासून काय काय झाले ते लिही."

वहीतील नोंदी

वहीत लिहिलेली माहिती थोडक्यात अशी होती:

१. काचेची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद. पाण्याची उंची सुमारे एक फूट. तळाशी दहा किलो बारीक खडी. खडीने व्यापलेली जागा वजा जाता पाणी सुमारे ५० लिटर. हवेचा पंप दिवसरात्र चालू. पाणी कूपनलिकेचे.

२. पेटी गणपतीच्या दिवसांत मामांनी आणून दिली. पहिल्या महिन्यात एक मासा मेला. त्यानंतर चार महिने एकही मेला नाही. त्या काळात ती अधूनमधून दोन बादल्या पाणी बदलत असे, एवढेच.

३. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून पेटी पूर्ण रिकामी केली. खडी उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीवर उन्हात वाळवली. पुढील आठवड्यात दोन मासे मेले.

४. तेव्हापासून दर रविवारी अशीच धुलाई. मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे आणले, तेही मेले.

५. रविवारी संध्याकाळी मासे अगदी ताजेतवाने दिसतात. मंगळवारपासून पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. मासा मेला तर तो बुधवारी किंवा गुरुवारी.

६. तिच्या मैत्रिणीने त्याच दुकानातून, त्याच दिवशी मासे आणले होते. ते सगळे जिवंत आहेत. "आणि काका, तिची पेटी तर किती घाण असते! काचेवर हिरवं शेवाळ, खडीवर काळपट थर!"

या सहा नोंदींत उत्तर दडलेले आहे. पुढे वाचण्यापूर्वी तुम्हीही थोडा विचार करून पाहा.

पहिला संशयित: प्राणवायूची कमतरता

मासे वर येऊन तोंड उघडू लागले की कोणीही म्हणेल, त्यांना प्राणवायू कमी पडत आहे. ही शंका रास्त आहे, कारण पाण्यात प्राणवायू फारच थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात मात्र तो २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम विरघळतो, आणि ३० अंशांना केवळ ७.६ मिलिग्रॅम. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. वायूंचे याच्या उलट असते. शिवाय पाणी तापले की माशांच्या शरीरातील क्रियांचा वेग वाढतो आणि त्यांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी अधिक! वडिलांनी उन्हाळ्याला दोष दिला, त्यात एवढे तथ्य होते.

आता हा प्राणवायू पाण्यात शिरतो कोठून? पाण्याच्या पृष्ठभागातून. तेथून तो रेणूंच्या आपोआप होणाऱ्या हालचालीने, म्हणजे विसरणाने, खाली पसरतो. पण पाण्यातील विसरण अतिशय मंद असते. पाणी अगदी निश्चल असेल, तर प्राणवायूला एक मिलिमीटर खोल पसरायला सुमारे चार मिनिटे लागतात. मग एक सेंटिमीटरला चाळीस मिनिटे लागतील, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो; म्हणजे एक सेंटिमीटरला सुमारे सात तास. आणि एक फुटाला? आठ-नऊ महिने! तेव्हा पेटीतील पाणी हलते राहणे किती महत्त्वाचे आहे हे ध्यानात येईल. पंपाच्या बुडबुड्यांतून थोडा प्राणवायू पाण्यात मिसळतो हे खरे. पण त्यांचे मोठे काम म्हणजे तळाचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग ढवळता ठेवणे. गोल बरणी गळ्यापर्यंत भरली तर तिच्यातील मासे गुदमरतात, कारण तिचा पृष्ठभाग बशीएवढाच उरतो. तीच बरणी अर्धी भरली तर पाणी कमी होते, पण पृष्ठभाग वाढतो.

मग आपल्या पेटीत प्राणवायू कमी होता काय? पृष्ठभाग दोन चौरस फूट, पंप सतत चालू, मासे चारच. मुलीने पंपाचा जोर वाढवूनही पाहिला होता, तरी माशांची तगमग कमी झाली नव्हती. शिवाय प्राणवायू कमी असता तर मासे आठवड्याच्या कोणत्याही दिवशी मेले असते, नेमके बुधवारी-गुरुवारीच का? हा संशयित आठवड्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. त्याला सोडून देऊ.

दुसरा संशयित: नळाच्या पाण्यातील क्लोरीन

शहरात पिण्याच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळतात. नळाच्या एक लिटर पाण्यात त्याचा अंश किमान ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. आपल्याला तो अपाय करीत नाही, पण माशांच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा त्याने भाजून निघते. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच पेटीत घालतात. क्लोरीन वायू असल्यामुळे हळूहळू उडून जातो. पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामीन असेल, तर मात्र तो सहज उडत नाही. तेथे सोडियम थायोसल्फेटसारखे औषध वापरावे लागते.

घरच्या पेटीतील कित्येक मृत्यूंचे कारण हेच असते. परंतु क्लोरीनने मासे पाणी बदलल्यावर काही मिनिटांत वा तासांत तडफडू लागतात. आपले मासे रविवारी संध्याकाळी ताजेतवाने असत. शिवाय पाणी कूपनलिकेचे. त्यात क्लोरीन नव्हताच. हाही संशयित निर्दोष.

दुकानदारही निर्दोष ठरतो, कारण मैत्रिणीकडे त्याच दुकानातील मासे सुखरूप होते. आजीच्या दृष्टीचे काय? हळदीकुंकवाच्या आधीही लोक चार महिने मासे पाहून कौतुक करीतच होते!

न दिसणारे विष

उरलेल्या नोंदी काय सांगतात ते पाहा. पाणी नवे असते तेव्हा मासे बरे असतात. दिवस जातील तसे ते आजारी होत जातात. म्हणजे पाण्यात काहीतरी साठत जाते. ते दिसत नाही, कारण पाणी तर नितळच असते.

हे 'काहीतरी' म्हणजे अमोनिया. माशांच्या खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नत्र असतो. शरीरात प्रथिने वापरली गेली की नको असलेला नत्र बाहेर टाकावा लागतो. आपण तो युरियाच्या रूपात मूत्रावाटे टाकतो. मासे मात्र तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडतात. न खाल्लेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो.

किती निघत असेल? चला, हिशेब करू. मुलगी आणि तिचा भाऊ मिळून दिवसाला जेवढे खाद्य घालीत तेवढे मी महाविद्यालयातील तराजूवर तोलले. ते सुमारे एक ग्रॅम भरले. डब्यावर प्रथिनांचे प्रमाण ४० टक्के लिहिले होते. म्हणजे प्रथिने ४०० मिलिग्रॅम आणि त्यांतील नत्र ६४ मिलिग्रॅम. यातील निम्माच पाण्यात उतरला असे धरले, तरी ३२ मिलिग्रॅम. तो ५० लिटर पाण्यात पसरला, म्हणजे लिटरमागे दररोज सुमारे ०.६ मिलिग्रॅमची भर. रविवारपासून गुरुवारपर्यंत हा आकडा अडीचपर्यंत जातो.

या अमोनियाची पाण्यात दोन रूपे असतात. एक अमोनियम आयन. तो बराचसा निरुपद्रवी. दुसरे मुक्त अमोनिया. हा कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या काही शतांश भागांएवढा मुक्त अमोनिया झाला, तरी बहुतेक माशांना इजा होऊ लागते. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आणि त्याच सामूला तापमान ३० अंश झाले तर साडेसात टक्क्यांवर. आमच्या कूपनलिकेच्या पाण्याचा सामू मी मोजला. तो ८ च्या पुढे होता. उन्हाळा येथे दुसऱ्यांदा दोषी ठरतो, पण साथीदार म्हणूनच!

अमोनियामुळे कल्ल्यांना इजा होते. मग पाण्यात प्राणवायू असूनही तो माशाला नीट घेता येत नाही, आणि मासा वर येऊन तोंड उघडू लागतो.

पण मग आधीचे चार महिने?

येथे एक मोठी अडचण उभी राहते. मासे खातात आणि अमोनिया सोडतात, हे तर गणपतीपासून चालूच होते. मग चार महिने सगळे सुरळीत कसे होते? मैत्रिणीच्या 'घाण' पेटीत मासे कसे जगतात? अमोनिया कोणीतरी नाहीसा करीत असला पाहिजे.

या प्रश्नाच्या उत्तरामागे एका पिता-पुत्राची गोष्ट आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५५ लिटर, पाण्याच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. आपल्या पेटीएवढेच हे पाणी! वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्या कुजलेली पाने खाऊन टाकीत. पाणी न बदलताही मासे जगले. वनस्पती प्राणवायू देतात आणि गोगलगायी सफाई करतात, असे त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडले. घरगुती मत्स्यालयाच्या शास्त्राचा हा आरंभ म्हणता येईल. परंतु त्या भांड्यात आणखीही कोणी काम करीत होते, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

ते उघडकीस आले १८७७ साली, फ्रान्समध्ये. श्लोझिंग आणि म्युंट्झ या शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या एका उंच काचनळीतून मैलापाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस खालून येणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा होता. नंतर तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. वीस दिवस कशासाठी? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. वाफ काढून टाकून बागेतल्या मातीचे थोडे पाणी ओतले. काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. निष्कर्ष उघड होता: वाळूच्या कणांवर कोणीतरी सजीव वाढत होते, आणि अमोनियाचे नायट्रेट तेच करीत होते.

हा धागा पुढे नेणाऱ्यांत वॉरिंग्टन यांचा मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्टच. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात त्याने दाखवून दिले, की हे काम दोन टप्प्यांत होते: आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट. दोन्ही टप्प्यांचे जीवाणू वेगळे. वडिलांच्या भांड्यातील अदृश्य कामगारांचा पत्ता मुलाला शेतातील मातीत लागला! १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढून वाढविले. हा शोध अजून संपलेला नाही. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जीवाणू २०१५ साली सापडला. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना तो मासे पाळण्याच्या यंत्रणेतील गाळणीतच मिळाला.

या जीवाणूंविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवावयाच्या. पहिली, ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. पृष्ठभागाला चिकटून राहतात. दुसरी, त्यांना प्राणवायू लागतो. तिसरी, ते फार सावकाश वाढतात. आपल्या आतड्यातील काही जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात; यांना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. त्यामुळे नव्या पेटीत त्यांची वसाहत पुरेशी वाढायला साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. गणपतीनंतरच्या महिन्यात एक मासा मेला, तो याच काळात.

ते पेटीत राहतात तरी कोठे? पुन्हा हिशेब करू. पाण्याने भिजलेल्या काचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर. खडीचा प्रत्येक खडा पाच मिलिमीटर व्यासाचा गोल धरला, तर दहा किलो खडीचे क्षेत्रफळ येते सुमारे साडेचार चौरस मीटर! जीवाणूंचे गाव वसते ते मुख्यतः खडीवर आणि गाळणीच्या स्पंजात. मैत्रिणीच्या खडीवरचा तो काळपट थर सगळाच घाण नव्हता. माशांना जगविणारे कामगार त्याच थरात राहत होते.

रविवारचा फसवा उपाय

आता सगळ्या नोंदी जुळतात. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी उकळते पाणी आणि ऊन यांनी खडीवरचे गाव उजाड झाले. माशांचा अमोनिया तसाच साठू लागला आणि चार-पाच दिवसांत दोन मासे मेले. मुलीने घाबरून पेटी पुन्हा धुतली. सगळे पाणी नवे आल्याने अमोनिया शून्यावर आला आणि मासे ताजेतवाने दिसू लागले. साहजिकच तिला वाटले, धुण्याने गुण आला! प्रत्यक्षात त्याच धुण्याने आठवडाभरात जे थोडे जीवाणू पुन्हा उगवले होते, तेही नष्ट झाले. दर रविवारी तात्पुरता आराम आणि त्यापाठोपाठ नवा मृत्यू.

विज्ञानात असा चकवा वारंवार भेटतो. एखाद्या उपायाने लगेच बरे वाटले, म्हणजे तो उपाय योग्यच असतो असे नाही. त्याचा परिणाम किती दिवस टिकतो आणि पुढे काय होते, हेही नोंदवावे लागते.

उरलेल्या दोघांसाठी

मुलीला हे सर्व समजावून सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मीच मारले त्यांना?"

मी म्हणालो, "तुला ठाऊक नव्हते. चूक कळली ती तू वही लिहिलीस म्हणून. आता उरलेल्या दोघांचे पाहू."

खडी न धुता आम्ही तीन गोष्टी केल्या. रोज पेटीतील चौथा हिस्सा पाणी बदलले. खाद्य एक दिवसाआड, चिमूटभरच घातले. आणि मैत्रिणीच्या पेटीतील दोन मुठी खडी आणून तिच्या गाळणीचा स्पंज आमच्या पेटीत पिळला. त्या गढूळ पाण्याकडे मुलगी मोठ्या धीराने पाहत राहिली! श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी मातीचे पाणी ओतले होते, तोच हा उपाय.

पाण्याचा नमुना मी रोज महाविद्यालयात नेई. रसायनशास्त्राचे सहकारी नेसलरच्या द्रावणाने अमोनिया पाहत. रंग जितका गडद पिवळा, तितका अमोनिया अधिक. (या द्रावणात पारा असल्यामुळे ते घरी हाताळू नये. मत्स्यालयाच्या दुकानांत रंग बदलणारी तपासणी-द्रावणे मिळतात, ती वापरावीत.) पहिल्या दिवशी रंग चांगलाच गडद होता. दुसऱ्या दिवशी दोहोंपैकी एक मासा मेला. त्याच्या कल्ल्यांना झालेली इजा भरून येण्यापलीकडची असावी. आठव्या दिवशी अमोनियाचा रंग फिका झाला, पण नायट्राइटची गुलाबी छटा दिसू लागली. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती घालवते. त्यासाठी लिटरमागे एक ग्रॅम मीठ घातले, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही रंग दिसेनासे झाले. शेवटचा मासा जगला. पाणी बदलणे मात्र थांबवले नाही. अखेरीस साठणारे नायट्रेट काढून टाकण्यासाठी ती दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही तीन उपाय एकाच वेळी केले. त्यामुळे मासा नेमका कोणत्या उपायाने वाचला, हे यावरून सिद्ध होत नाही. मासा वाचविणे निकडीचे होते, म्हणून तसे करावे लागले. पण हे सिद्ध करण्यासाठी एक साधा प्रयोग आहे आणि त्यात माशांची गरज नाही.

तुम्हीही करून पाहा

दोन सारख्या, रुंद तोंडाच्या बरण्या घ्या. दोन्हींत क्लोरीन नसलेले पाणी सारख्याच प्रमाणात, अर्ध्यापर्यंत भरा. पहिलीत जुन्या, मासे सुखाने राहत असलेल्या पेटीतील मूठभर खडी घाला. दुसरीत तीच खडी, पण दहा मिनिटे उकळून, थंड करून घाला. उकळण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. दोन्हींत माशांच्या खाद्याची अगदी लहान, सारखी चिमूट टाका. बरण्या शेजारीशेजारी सावलीत ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ, वेगवेगळ्या चमच्यांनी ढवळा. का, ते तुम्ही आता सांगू शकाल. दर दोन दिवसांनी तपासणी-द्रावणाने अमोनिया पाहून वहीत लिहा.

आम्ही हा प्रयोग केला तेव्हा दोन्ही बरण्यांत आधी अमोनिया वाढला. पहिल्या बरणीतील अमोनिया दहा-बारा दिवसांत नाहीसा झाला. दुसरीतील तसाच राहिला. दोन्हींत फरक एकच होता, तो म्हणजे खडीवरचे जीवाणू. विचारलेल्या प्रश्नाला निसर्गाने स्पष्ट उत्तर द्यावे असे वाटत असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते.

पेटी बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

नव्या पेटीत एकदम खूप मासे सोडू नयेत. एक-दोन सोडून महिनाभर थांबावे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. पाणी बदलताना सगळे न बदलता चौथा हिस्सा बदलावे. खडी आणि स्पंज नळाच्या वा उकळत्या पाण्याने न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यावेत. काच मात्र खुशाल घासावी.

आणखी एक सूचना. फार दिवस पाणी न बदललेल्या पेटीत सामू हळूहळू उतरतो, कारण हे जीवाणू काम करताना आम्ल तयार करतात. सामू फारच उतरला की त्यांचे कामही मंदावते आणि निरुपद्रवी अमोनियम साठत राहते. अशा पेटीत एकाएकी कूपनलिकेचे बरेचसे पाणी ओतले तर सामू चढतो, अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो आणि काही तासांत मासे मरू शकतात. अशी पेटी सुधारावयाची असेल तर रोज थोडे थोडे पाणी बदलत जावे.

त्या मुलीच्या पेटीत आता तीन मासे आहेत. खडीवर काळपट थर बसला आहे. परवा पाहुणे येणार होते, तेव्हा आजीने पेटी घासून लख्ख करायला सांगितले. नातीने काच पुसली, पाणी थोडे बदलले आणि खडीला हात लावू दिला नाही. "आजी, तिथं कामं चालू आहेत," ती म्हणाली.